दहापैकी किती, दोना फिलोमेना?

शनिवारी दुपारी इल्दा फुर्तादो केलच्या पाल्याच्या सुपाचं भांडं दोन्ही हातांनी धरून दोना फिलोमेना आर्रुदांच्या जिन्यात उभी होती. आपण करायला निघालोय ते पाप आहे की नुसता आगाऊपणा, हे तिचं अजून ठरत नव्हतं. सूप गरम होतं. लिंग्विसा सॉसेजचे तुकडे तिनं नेहमीपेक्षा जास्तच घातले होते. पण सूप हे निमित्त. इल्दाला हवा होता एक आकडा, आणि तोही लहानात लहान.

दुसऱ्या दिवशी, रविवारच्या मिस्सानंतर, तिची मुलगी झिता याच जिन्यानं वर येणार होती. हॉलिस विद्यापीठात बिझनेस आणि पब्लिक पॉलिसी अशा दोन पदव्या तीन वर्षांत एकदम मिळतात. झिताला तिथे जायचं होतं. मागच्या वर्षी तिनं अर्ज केले आणि दोन्हीकडून नकार आला. या वर्षीचे अर्ज सहा जानेवारीच्या आत पाठवायचे होते. पण त्याआधी, येत्या सोमवारीच, तिला ऑफिसात हो किंवा नाही कळवायचं होतं. शहर बससेवेत ती चार वर्षं बसचे मार्ग आखायचं काम करत होती. आता तिचे साहेब मिस्टर कॉनरॉय तिला विभागाची उपप्रमुख करायला निघाले होते. अट एकच, दोन वर्षं नोकरी सोडायची नाही. हो म्हटलं तर हॉलिस गेलं. नाही म्हटलं तर बढती गेली, आणि हॉलिस मिळेलच असं कोण सांगणार?

सांगू शकेल असं माणूस ऑलिव्ह स्ट्रीटवर एकच होतं.

‘दोना’ म्हणजे बाई, एवढाच तो मान; फिलोमेना काही प्रोफेसर नव्हत्या. नऊ वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटावरून इथे आल्या, सोळाव्या वर्षी शाळा सोडून पडद्यांच्या कारखान्यात शिवायला बसल्या. रात्रशाळेत जाऊन बारावी पुरी केली आणि तेविसाव्या वर्षी हॉलिसच्या पॉलिसी स्कूलमध्ये, प्रवेशाच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. टपाल फोडायचं, अर्ज लावून ठेवायचे, कुणाचं शिफारसपत्र आलं नसेल तर फोन करायचा. अर्ज नीट लावायचा असेल तर तो वाचावा लागतो, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे कुणी सांगितलेलं नसताना त्या प्रत्येक अर्ज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. निर्णय घेणारे प्रोफेसर दर तीन वर्षांनी बदलत. फिलोमेना बदलल्या नाहीत.

दुहेरी पदवी ऐकायला एक वाटते, पण दारं दोन असतात. बिझनेस स्कूल आपलं ठरवतं, पॉलिसी स्कूल आपलं, आणि निकाल लागेपर्यंत एकानं दुसऱ्याला विचारायचं नाही असा नियम. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी बिझनेस स्कूलची यादी बंद पाकिटात तयार असे. ती आणायला फिलोमेना जायच्या. टेकडी उतरून, कालव्यावरचा पूल ओलांडून, चौदा मिनिटं. परत आल्यावर दार लावायचं, दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या, फूटपट्टी एकेक ओळ खाली सरकवत जायची, आणि जे नाव दोन्हीकडे असेल त्याच्यापुढे पेन्सिलीनं बारीक खूण करायची. त्या खुणेचा अर्थ आत, दोन्हीकडे.

एका वर्षी त्याच गुरुवारी बर्फाचं वादळ आलं आणि कचेरी दुपारीच बंद झाली. फिलोमेना एकट्याच मागे राहिल्या होत्या. यादी लावताना त्यांच्या लक्षात आलं की बिझनेसकडची नावं ‘पी’वरून एकदम ‘टी’वर जातायत. फोन कुणी उचलेना. त्यांनी पुन्हा कोट चढवला, पुन्हा पूल ओलांडला, पहारेकऱ्याला गाठून दार उघडून घेतलं. चौथं पान छपाईच्या यंत्रातच राहिलं होतं. त्या पानावरची दोन नावं दोन्हीकडे निघाली. सोमवारी त्यांचे साहेब म्हणाले, "अहो, आज सापडलंच असतं की ते." "पत्रं शुक्रवारी जातात," फिलोमेना म्हणाल्या. ती दोन मुलं आज कुठे असतील देव जाणे. आपण आत आलो ते कुणाच्या ओल्या बुटांमुळे, हे त्यांना कधीच कळलं नसणार.

निवृत्त होताना काय हवं असं विचारल्यावर त्यांनी टेबलावरचा तारखेचा जुना शिक्का मागितला. तेव्हापासून तो त्यांच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी असतो. आधी गल्लीतल्या खाटकाचा भाचा आपला अर्ज वाचून घ्यायला आला, मग त्याची मैत्रीण, मग तिच्या ऑफिसातले चार जण. पुढे तर लांबलांबून मुलं येऊ लागली. एकीकडे सल्ला देणाऱ्या कंपन्या ‘तुमची बाजू भक्कम आहे’ म्हणत, इंटरनेटवरची अनोळखी माणसं ‘नक्की होईल’ म्हणत, आणि दोना फिलोमेना दहापैकी एक आकडा सांगत. पैसे घेत नसत. रीत ठरलेली असे. बिझनेसचा अर्ज मंगळवारी वाचायचा, पॉलिसीचा गुरुवारी. एका दिवशी दोन्ही कधीच नाही. "तिथे तरी कुठे एक माणूस दोन्ही वाचतो?" असं त्यांचं म्हणणं. वाचून झालं की एका कार्डावर आकडा लिहायचा आणि लगेच शिक्का मारायचा. त्यानंतर देव जरी जेवायला आला तरी आकडा बदलायचा नाही.

हे सगळं इल्दाला माहीत होतं. म्हणून तर पाय जिन्यात अडले होते. पण तिच्या डोळ्यांपुढे मागचा मार्च होता. एकाच आठवड्यात दोन्ही नकार आले, आणि झितानं खोलीचं दार लावून भिंतीकडे तोंड केलं. एकवीस दिवस. इल्दा पहाटे चारला बेकरीत जायची, दुपारी परत यायची, तेव्हा मुलगी त्याच कुशीवर असायची. लहान पोरीचे विंचरावेत तसे अठ्ठावीस वर्षांच्या लेकीचे केस इल्दानं विंचरले होते. तसा मार्च पुन्हा नको. नोकरी आहे, आता तर बढती आहे, म्हातारपणी पेन्शन आहे. एवढं सगळं हातात असताना पोरीनं पुन्हा त्या टेकडीकडे का बघावं?

इल्दानं कोपरानं बेल दाबली.

"ये, इल्दा," दोना फिलोमेनांनी दार उघडलं. "भांडं घेऊन आलीस म्हणजे काहीतरी वाकडं आहे."

"वाकडं काय असणार, दोना फिलोमेना? केल जास्त झाली घरात."

"डिसेंबरात कुणाच्या घरी केल जास्त होत नाही. बस."

भांडं शेगडीवर गेलं. इल्दा खुर्चीच्या कडेवर बसली. टेबलावर दोन कार्डं पालथी ठेवलेली होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि पटकन खिडकीकडे बघितलं.

"झिताचं वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

"मग उद्या. तिला."

"मला आकडा नकोच आहे," इल्दा घाईघाईनं म्हणाली. "मी एवढंच म्हणते, तुमच्या शब्दाला वजन आहे. पाच असेल तर तीन म्हणा. तीन असेल तर एक म्हणा. ती तुमचं ऐकेल. सोमवारी कॉनरॉयला हो म्हणेल आणि संपलं. मागच्या मार्चला तुम्ही आमच्या घरी आला नव्हतात, दोना फिलोमेना. तुम्ही पाहिलं नाहीत."

दोना फिलोमेना उठल्या, सूप ढवळलं, डावातून थोडं घेऊन फुंकर मारली आणि चाखलं.

"मीठ कमी आहे."

"रक्तदाबामुळे कमीच घालते मी."

"मग मी काय सांगू तुला? मीठ बरोबर आहे म्हणून सांगू?"

इल्दा खुर्चीवरून उठली.

"सूप ठेव," दोना फिलोमेना म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण दाराकडे त्याच आधी गेल्या. "बरोबर दुसरं जे आणलंस ते परत घेऊन जा."

रविवारी मिस्सा संपल्यावर मायलेकी एकत्रच आल्या. झितानं आईला ‘तू खाली थांब’ असं दोनदा सांगून पाहिलं होतं. इल्दानं दोन्ही वेळा ‘हो’ म्हटलं आणि जिना चढली. दोना फिलोमेनांनी दूध घातलेली कॉफी दिली, गोड पावाचे जाड तुकडे कापले, आणि झितासमोर बसल्या.

"कार्डं उघडण्याआधी सांग, तुला स्वतःला किती वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग?" झिता म्हणाली. "आमच्या ऑफिसातल्या ब्रेंडननं हिशेब केलाय. बिझनेसला शंभरातले पंधरा घेतात, पॉलिसीला पंचवीस. दोन्हीकडे मिळायचं तर गुणाकार करायचा. शंभरात चारसुद्धा येत नाहीत."

"काय शिकलाय हा ब्रेंडन?"

"गणित."

"वाटलंच." दोना फिलोमेनांनी कॉफीचा घोट घेतला. "माझ्या काळात एका वर्षी दोनशे मुलांनी दोन्हीकडे अर्ज केले होते. आमच्या यादीत त्यातली पन्नास, बिझनेसच्या यादीत तीस. तुझ्या ब्रेंडनच्या हिशेबानं दोन्हीकडे किती निघायला हवीत?"

झितानं मनातल्या मनात मांडलं. "सात. फार तर आठ."

"एकोणीस निघाली. फूटपट्टी मीच धरली होती."

"असं कसं?"

तोवर तोंड मिटून बसलेल्या इल्दाला राहवलं नाही. "अगं, त्यात काय! बेकरीत नाही का बघत तू? दोनशे गिऱ्हाइकं आली, त्यात पन्नासांनी रोल नेले, तिसांनी गोड पाव नेला. म्हणून दोन्ही नेणारी सातच असतात का? ज्याच्या घरात माणसं जास्त तो दोन्ही नेतो. जो एकटा राहतो तो एकही नेत नाही. तीच तीच माणसं असतात, झिता. गुणाकार कसला करतोय तो?"

दोना फिलोमेनांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "हिला ठेवायला हवी होती त्या कचेरीत. बरं, ब्रेंडनला ठेवू या बाजूला. हे बिझनेसचं."

त्यांनी पहिलं कार्ड उलटं केलं. निळ्या शाईत मोठा आकडा होता, दोन.

झिता बघत राहिली. मग तिनं हळूच मान डोलावली, जशी काही तिला ही बातमी आधीच माहीत होती.

"तुझे मार्क चांगले आहेत," दोना फिलोमेना सांगू लागल्या. "परीक्षेचा स्कोअर त्यांच्या निम्म्या वर्गापेक्षा वर आहे. पण त्या लोकांना संपवलेलं काम लागतं. तू सगळ्यात जास्त लिहिलंस ते चौदा नंबरच्या मार्गाबद्दल, आणि चौदा नंबर अजून रस्त्यावर आलेलाच नाही. बोर्डानं तीनदा पुढे ढकलला. तू ते प्रामाणिकपणे लिहिलंस, चांगलं केलंस. पण वाचणारा विचारणार, मग झालं काय? आणि शेवटी लिहिलंयस की पुढे मोठ्या सल्लागार कंपनीत जायचंय. ते तुझं नाही. ते तू कुठेतरी वाचलेलं आहे."

"हो," झिता म्हणाली. "वाचलेलंच आहे."

आता इल्दानं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. जे मागायला ती काल आली होती ते तिच्यासमोर निळ्या शाईत लिहिलेलं होतं. पण तिच्या कानशिलांत काहीतरी तापायला लागलं.

"दोन?" ती म्हणाली. "दहापैकी दोन? माझ्या मुलीला?"

"माय, थांब."

"का थांबू? दोना फिलोमेना, तुम्ही नीट वाचलंत ना? चष्मा लावला होता? ही पोरगी थंडीत त्या थांब्यावर सहा सहा तास उभी राहून माणसं मोजायची. जानेवारीत! कुणी सांगितलं नव्हतं तिला. बोर्डानं ढकलला म्हणून तिचं काम अर्धं झालं का? ज्यांनी ढकलला त्यांना द्या की दोन! तिच्या हाताखालची दोन माणसं नोकरी सोडून चालली होती, हिनं घरी जेवायला बोलावून थांबवली त्यांना. आमच्याच टेबलावर बसली होती. हे लिहिलंय का तिनं? नसेल लिहिलं. स्वतःबद्दल बोलायला जीभच नाही तिला, बापावर गेलीय. दोन म्हणे!"

झिता कप हातात तसाच धरून आईकडे बघत होती. बसच्या कामाला आई गेली चार वर्षं ‘ते तुझं मोजणं’ म्हणत आली होती. मोजणं थंडीत होतं, सहा तासांचं होतं, जानेवारीत होतं, एवढं आईनं ध्यानात ठेवलं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग इल्दाचा चेहरा एकदम उतरला. ती टेबलावर पुढे झुकली.

"दोना फिलोमेना, माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. खरं सांगा. मी काल बोलले म्हणून तर नाही ना लिहिलंत हे?"

"काल?" झितानं कप खाली ठेवला. "काल काय बोललीस तू?"

इल्दानं आपला कप उगाच बशीत फिरवला.

"माय, काल तू इथे आली होतीस?"

"सूप द्यायला," इल्दा म्हणाली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. "नाही. सूप द्यायला नाही. यांना म्हणायला आले होते की तुला कमी सांगा. पाच असेल तर तीन सांगा."

"का?"

"का म्हणजे? तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस तेव्हा तुझ्या मागे कोण बसलं होतं? मी. तुझी पाठ बघत. मला नाही पुन्हा बघायची ती पाठ, झिता. तू कॉनरॉयला हो म्हणावंस एवढंच मला हवं होतं."

झिताचे डोळे भरून आले, पण ते रागानं की कशानं, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोना फिलोमेनांनी दोघींकडे एकदा पाहिलं, कार्ड उचललं आणि इल्दाच्या हातात दिलं.

"तारीख वाच."

कोपऱ्यात जांभळा शिक्का होता. दहा डिसेंबर, मंगळवार.

"तू आलीस शनिवारी," दोना फिलोमेना म्हणाल्या. "हा आकडा तोवर चार दिवस जुना झाला होता. तुझ्या सुपानं तो खाली गेला नाही, आणि आत्ताच्या तुझ्या भाषणानं वरही जाणार नाही. माणसं जेवायला बोलावली हे तिनं लिहायला हवं होतं, ते खरं. त्यानं दोनाचे अडीच होतील. तीन नाही."

इल्दानं कार्ड दोन्ही हातांत धरलं, पुन्हा वाचलं, आणि जपून टेबलावर ठेवलं. इतका लहान आकडा इतका खरा आहे हे कळून बरं वाटणं, हे तिच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. तिनं मुलीचं काही बिघडवलं नव्हतं.

"आता हे," म्हणत दोना फिलोमेनांनी दुसरं कार्ड उलटं केलं. तारीख बारा डिसेंबरची होती. आकडा सहा.

"सहा?" झिता म्हणाली. "मागच्या वर्षी तर त्यांनी मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं."

"मागच्या वर्षीचा अर्ज तू दिलास तोही वाचला मी. तो दोनचाच होता. त्यात तुला जगाचं भलं करायचं होतं. जगाचं भलं करणारी पाचशे मुलं दर वर्षी येतात गं. या वर्षी तू डायलिसिसच्या दवाखान्यापुढचा थांबा लिहिलास. उपचार संपवून बाहेर आलेली माणसं पन्नास पन्नास मिनिटं बाकावर बसतात, आणि ते वेळापत्रक कुणी, कुठल्या वर्षी, कशासाठी तसं केलं ते तू शोधून काढलंस. ते वाचताना मी एकदा उठून पाणी प्यायले. तिथलं माणूसही उठेल. आणि अर्धवट राहिलेल्या कामाचं त्या लोकांना वावडं नसतं. त्यांचीही सगळी तशीच राहिलेली असतात."

"मग दोन्ही मिळून किती?"

"दोनच. बिझनेसवाल्यांनी घेतलं तर पॉलिसीवाले तुला सोडणार नाहीत. पण बिझनेसवालेच सहसा घेणार नाहीत." दोना फिलोमेनांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी सरकवली. "आता मला एक सांग. हे मी सगळ्यांना विचारते आणि निम्मे लोक इथेच अडकतात. मार्चमध्ये तुझं नाव एकाच यादीत निघालं, तर कुठली यादी असावी?"

झितानं दोन्ही कार्डांवरून नजर फिरवली. इल्दाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिनं पावाच्या तुकड्याबरोबर गिळलं.

"पॉलिसी," झिता म्हणाली.

"सहा आहे म्हणून?"

"नाही. चौदा नंबर तीनदा अडकला तो मला बस कळत नाही म्हणून नाही अडकला. अडवायचा अधिकार कुणाला आहे आणि तो त्यांच्याकडून कसा काढून घ्यायचा, हे मला कळत नाही. उपप्रमुख झाले तरी कळणार नाही. अडवणारे तेच राहतील, मी फक्त जरा वरच्या मजल्यावरून बघेन. बिझनेस मला हवंय ते बोर्डातली माणसं पैशाबद्दल बोलायला लागली की माझं तोंड बंद होतं म्हणून. ते नंतर शिकले तरी चालेल."

"मग तू दोन दारांचा विचार करतच नव्हतीस," दोना फिलोमेना म्हणाल्या. "बिझनेसला या वर्षी पाठवूच नको. पॉलिसीत गेलेल्या मुलांना पहिल्या वर्षात असताना तिकडे अर्ज करता येतो. त्यांची वेगळी, लहानशी यादी असायची. तीही मीच लावायचे. त्या वाटेनं तुझे चार धरते मी. पाच नाही. पण दोनाचे चार होतात."

"म्हणजे आत्ता मला सहा घेऊन कॉनरॉयना नाही म्हणायचंय."

"ते मी सांगत नाही. मी फक्त सहा सांगते."

झिता आईकडे वळली. "माय, तू काय म्हणतेस?"

आदल्या दिवशी कुणी हे विचारलं असतं तर इल्दाकडे उत्तर तयार होतं. तिनं टेबलावरचे पावाचे कण गोळा केले, तळहातावर घेतले, पुन्हा टेबलावर ठेवले.

"मला विचारू नकोस. मी काल सूप घेऊन आले होते."

झिता हसली. मग तिनं फोन काढला आणि कॉनरॉयना नकार लिहायला लागली. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी फोन आईपुढे धरला. इल्दानं चष्मा लावून सावकाश वाचलं.

"आभार कुठेयत?"

"सुरुवातीलाच आहेत की."

"नुसतं ‘धन्यवाद’? चार वर्षं पगार दिला त्या माणसानं. मार्चमध्ये तू एकवीस दिवस गेली नाहीस तेव्हा एका शब्दानं बोलला नाही. ते लिही."

झितानं ते लिहिलं. आईनं पुन्हा वाचलं आणि मान हलवली. पाठवायचं बटण झितानंच दाबलं, पण तेव्हा इल्दाचा हात तिच्या मनगटावर होता, आणि तो मागे ओढत नव्हता.

झिता तोंड धुवायला आत गेली. इल्दानं आवाज खाली आणला.

"दोना फिलोमेना, तुम्ही सहा लिहिता तेव्हा पुढे काय होतं? खरंच सहा होतात?"

दोना फिलोमेना उठल्या. फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कार्डंच कार्डं होती, आकड्यांप्रमाणे रबर लावून ठेवलेली. त्यांनी सहाची गड्डी काढली आणि टेबलावर मोजून दोन भाग केले.

"एकवीस जणांना मी सहा सांगितलेत आजवर. त्यातली तेरा आत गेली."

इल्दानं बोटांवर मोजलं. बेकरीत हिशेब करायची तिला सवय होती. "म्हणजे सहाहून जरा जास्तच."

"जरासं."

"आणि ही आठ?"

दोना फिलोमेनांनी ती आठ कार्डं एकेक करून तिच्यापुढे मांडली. नावं त्यांना वाचावी लागत नव्हती. "ही पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात गेली, पॉलिसीलाच. हा नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचं बघतो, परवा बाजारात भेटला होता. ही दोघं मुंबईहून आलेली, परत गेली, नाताळला कार्ड येतं. हिनं लग्न केलं आणि मग कायद्याला गेली. ह्यानं पुन्हा अर्ज केलाच नाही, शाळेत इतिहास शिकवतो, मुलं जीव टाकतात त्याच्यावर. हिचं काय झालं मला माहीत नाही, दोनदा फोन केला होता. आणि ही मागच्या वर्षीची. ही अजून रुसलेली आहे माझ्यावर, मी सहाच का म्हटलं म्हणून."

"सातवीला पुन्हा फोन करा की."

"करणार आहे. नाताळनंतर."

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला. इल्दानं आठही कार्डं नीट जुळवली, कडा सारख्या केल्या आणि आपल्या हातानं बाकीच्या तेरांवर ठेवली. मग सगळी एकवीस तिनं एकाच रबरात बांधून डब्यात ठेवली. दोना फिलोमेनांनी तिला तसं करू दिलं.